वाचकांचे प्रश्न : जुन्या टेरेस घराला रंग कोणता द्यावा?

ब्रिटनमधल्या शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या टेरेस घरांत राहणाऱ्या वाचकांचे रंगकामाबद्दलचे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. इथल्या ‘टेरेस’चा गच्चीशी काही संबंध नाही. सामाईक भिंतींनी एकमेकांना चिकटलेली घरांची सलग ओळ म्हणजे टेरेस.

प्रश्न : आमचं घर 1890 च्या दशकातलं आहे. रस्त्याकडची बैठकीची खोली उत्तराभिमुख आहे, तिला मोठी बे खिडकी (भिंतीबाहेर आलेली) आहे. उजेड वाढावा म्हणून सगळ्या घराला शुभ्र पांढरा दिला. मागची खोली छान दिसते, पुढची दिवसभर राखाडी. शेजारी म्हणतात, या घरांचा मूळ रंग पांढराच. मग आमचं चुकलं कुठे? — लीड्स

उत्तर : आधी शेजाऱ्यांचं. तुम्ही लावलात तो झगझगीत पांढरा टायटॅनियम डायऑक्साइडचा. हे रंगद्रव्य बाजारात आलं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, म्हणजे तुमचं घर बांधून वीसेक वर्षं झाल्यावर. त्याआधीचा तेलाचा पांढरा म्हणजे बहुधा जवसाच्या तेलात घोटलेला शिशाचा सफेदा. तो मुळातच सायीच्या रंगाचा असे आणि वर्षागणिक आणखी पिवळा पडे. तेव्हा शुभ्र पांढऱ्याला ‘मूळचा’ म्हणता येणार नाही.

आता खोलीचं. टेरेस घराला उजेड दोनच बाजूंनी मिळतो, समोरून आणि मागून. या दोन बाजू एकमेकींच्या विरुद्ध असतात, त्यामुळे एका बाजूला थंड उजेड असेल तर दुसरीला उबदार असणारच. तुमच्याकडे समोर उत्तर आहे, म्हणजे मागे दक्षिण. इथे उत्तरेकडून थेट ऊन जवळजवळ येतच नाही. येतो तो आकाशाचा निळसर उजेड, तोही डिसेंबरात लीड्सला आठ तासही पुरत नाही. पांढरी भिंत स्वतःचं काही दाखवत नाही, समोरून आलेला उजेड परत पाठवते. निळसर आणि मोजका उजेड आला की तो राखाडीच दिसतो. मागे ऊन आहे म्हणून तोच डबा तिथे चांगला दिसला. एकच पांढरा सगळ्या घरभर, हा निर्णय टेरेस घरात सहसा फसतो तो यामुळेच.

पुढच्या खोलीसाठी दोन वाटा आहेत. पहिली, लाल किंवा गेरूकडे झुकणारा मंद पांढरा. कंपन्यांच्या रंगपत्रिकेत बहुतेक छटांपुढे एलआरव्ही हा आकडा असतो. पडलेल्या उजेडापैकी किती उजेड भिंत परत पाठवते हे तो 0 ते 100 या मापात सांगतो. तुम्ही 65 ते 75 च्या दरम्यान राहा. लिंबासारखा पिवळा नको, निळसर उजेडात तो हिरवट दिसतो. पिवळा हवाच असेल तर हळदीपेक्षा पिवळ्या मातीच्या जवळचा घ्या. दुसरी वाट, खोली अंधारी आहे हे मान्य करून विटकरी, ऑलिव्ह, गडद गेरू असा भरीव रंग देणं. बैठकीची खोली बहुधा संध्याकाळी वापरली जाते, तेव्हा दुसरी वाट जास्त समाधान देते असं आमचं मत आहे.

छटा रंगपत्रिकेवरून ठरवू नका, आणि नमुन्याचे ठिपके थेट पांढऱ्या भिंतीवरही मारू नका. आजूबाजूच्या पांढऱ्यामुळे कोणताही रंग आहे त्याहून गडद भासतो. ए3 आकाराच्या जाड कागदावर कडेपर्यंत दोन हात मारा आणि तो कागद तीन जागी लावून पाहा : बे खिडकीलगतच्या भिंतीवर, खिडकीसमोरच्या भिंतीवर, आणि चिमणीच्या पुढे आलेल्या भागाच्या बाजूच्या कोनाड्यात. कोनाड्यात तोच रंग निदान अर्ध्या छटेने गडद दिसेल. सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री दिवे लावून, असं दोन-तीन दिवस बघा. दिवे 2700 केल्व्हिनचे (उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर) आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वरचे असू द्या. 4000 केल्व्हिनच्या दिव्याखाली निवडलेला रंग पिवळ्या दिव्याखाली वेगळाच निघतो. समोरची घरं लाल विटांची असतील तर त्यांची झाक आत येते, मागच्या खोलीत हिरवळीची येते. हे सगळं नमुना जागेवर लावल्याशिवाय कळत नाही.

किती रंग लागेल ते असं काढा. खोली 4 बाय 3.6 मीटर आणि उंची 2.7 मीटर धरली तर भिंतींचा घेर 15.2 मीटर, क्षेत्रफळ साधारण 41 चौरस मीटर. खिडकी, दार, शेगडी वजा जाता 35 उरतात. इमल्शन लिटरला एका हाताला सुमारे 12 चौरस मीटर पुरतं, म्हणजे हाताला 3 लिटर, दोन हातांना 6. पाच लिटरचा एक आणि अडीच लिटरचा एक असे डबे घ्या आणि सुरुवातीलाच मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. दुकानात यंत्रावर मिसळलेल्या दोन डब्यांत किंचित फरक निघू शकतो, आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो.

प्रश्न : दारातून आत आलं की लांब, अरुंद, उंच बोळ आणि पुढे जिना. उजेड फक्त दारावरच्या काचेतून. कंबरेच्या उंचीला लाकडी पट्टी आहे, तिच्याखाली नक्षीचा जाड कागद. काढून टाकून सगळं पांढरं करावं का? — कार्डिफ

उत्तर : कागद काढू नका. पट्टीखालचा तो उठावाचा कागद लिंक्रस्टा (1877 पासूनचा) किंवा ॲनाग्लिप्टा (1887 पासूनचा) असण्याची शक्यता आहे. सायकली, छत्र्या, पाय लागून बोळाची भिंत खराब होऊ नये म्हणूनच तो लावत. ओढून काढताना मागचा गिलावाही सोबत येतो. सुटलेल्या कडा चिकटवा, मग रंगवा.

बोळात उजेडच नाही, तेव्हा पांढरा देऊन तो वाढणार नाही. पट्टीच्या खाली गडद, वर मध्यम उबदार छटा, अशी जुनी विभागणी इथे शोभते. आणि मंद उजेडाच्या बोळातून खोलीत पाऊल टाकलं की खोली आहे त्यापेक्षा उजळ वाटते. बोळ अरुंद वाटत असेल तर स्कर्टिंगला (भिंतीच्या तळाशी असलेल्या फळीला) पांढरा देऊ नका, पट्टीखालचाच रंग स्कर्टिंगलाही द्या. जमिनीलगतची पांढरी रेघ गेली की बोळाची रुंदी तुटत नाही. छत फार उंच भासत असेल तर छताचा रंग भिंतीवर वरच्या पिक्चर रेलपर्यंत (चित्रं टांगायच्या लाकडी पट्टीपर्यंत) उतरवा. खोल्यांमध्ये छत बुटकं वाटत असेल तिथे उलट करा, भिंतीचा रंग थेट कॉर्निसपर्यंत (भिंत आणि छत मिळतात तिथल्या नक्षीदार कडेपर्यंत) चढवा.

पट्टीखाली सपाट मॅट नको. गडद मॅटवर खांदा किंवा पिशवी घासली की चकाकणारे पट्टे उमटतात आणि पुसून जात नाहीत. तिथे एगशेल (किंचित चमक असलेला, पुसता येणारा रंग) वापरा. जिन्याच्या उंच भिंतीसाठी पायऱ्यांवर बसणारा समायोज्य मंच भाड्याने आणा, पायरीवर साधी शिडी टेकवणं धोक्याचं आहे.

प्रश्न : मागच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला दर हिवाळ्यात पोपडे येतात. खरवडून, स्टेन ब्लॉक (डाग वर येऊ न देणारा लेप) मारून, दोन हात इमल्शन दिलं की वर्षभरात पुन्हा तेच. आता गडद निळा द्यायचा विचार आहे, डाग दिसणार नाहीत. — लेस्टर

उत्तर : कोणताही रंग निवडण्याआधी थांबा. गडद निळ्यावर तर मिठाचा पांढरा फुलोरा सगळ्यात जास्त उठून दिसेल.

तुमची भिंत बहुधा नऊ इंची, भरीव विटांची, आतून चुन्याच्या गिलाव्याची. तिच्यात हवेची पोकळी नाही. अशी भिंत पावसात थोडं पाणी पिते आणि कोरड्या हवेत ते दोन्ही बाजूंनी सोडून देते. आतून व्हिनाइल इमल्शनचा प्लास्टिकसारखा पापुद्रा बसला की पाण्याची वाट अडते. पाण्याबरोबर आलेले क्षार पापुद्र्यामागे स्फटिक बनतात, फुगतात, आणि रंगाला ढकलून काढतात. स्टेन ब्लॉकने तुम्ही पापुद्रा आणखी घट्ट केलात, म्हणून पोपडे परत आले.

आधी बाहेर जाऊन बघा. पन्हळ तुंबली आहे का, खाली येणारा नळ फुटला आहे का? बाहेरची जमीन किंवा फरसबंदी भिंतीतल्या ओलरोधक थराच्या किमान 150 मिलिमीटर खाली हवी, वर चढली असेल तर उतरवा. लाकडी जमिनीखाली हवा नेणाऱ्या जाळीदार विटा मातीने बुजल्या असतील तर मोकळ्या करा. विटांच्या सांध्यांत नंतर कुणी सिमेंट भरलं असेल तर तेही कारण असू शकतं, तिथे चुन्याचा मसालाच हवा. डाग चिमणीच्या भागावर तपकिरी असतील तर गोष्ट वेगळी : शेगडी बंद करताना हवेची जाळी ठेवली नसेल, आणि जुन्या काजळीतले क्षार हवेतला ओलावा ओढत असतील. तिथे खाली जाळी बसवा आणि वर धुराड्याच्या तोंडावर पाऊस अडवणारी पण हवा जाऊ देणारी टोपी.

पाणी थांबल्यावरही घाई नको. भिंत वाळायला इंचाला महिना, असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे नऊ इंचांना नऊ महिने. या काळात पापुद्रा खरवडून भिंत उघडी ठेवा, क्षार कोरड्या ब्रशने झाडत राहा. पाण्याने धुऊ नका, विरघळून ते परत आत जातात. गिलावा बोटांनी ठोकून पाहा. पोकळ वाजेल तेवढाच भाग काढा आणि तो चुन्यानेच भरा, जिप्समने नाही.

मग श्वास घेणारा रंग. क्ले पेंट आतल्या कोरड्या भिंतींसाठी सोपं आहे. सिलिकेट पेंट खनिज पृष्ठभागाशी रासायनिक रीतीने जोडलं जातं आणि जास्त टिकतं. डब्याच्या माहितीपत्रकात एसडी (रंगाचा थर बाष्पाला किती अडवतो त्याचं माप) हा आकडा शोधा, 0.14 मीटरपेक्षा कमी असेल तर बाष्प सहज बाहेर पडतं. नुसतं ‘ब्रीदेबल’ लिहिलं आहे म्हणून घेऊ नका. चुनाकाम सगळ्यात स्वस्त, पण ते जुन्या इमल्शनवर धरत नाही. भिंत ओलसर करून दुधासारखा पातळ चुना, चार ते पाच हात, प्रत्येक हाताला मध्ये एक दिवस. लावताना जवळजवळ पारदर्शक दिसतो, वाळल्यावर पांढरा होतो. त्यामुळे जाड थर देण्याचा मोह होतो आणि मग तो भुकटीसारखा झडतो. चुन्यात रंग मिसळायचा तर गेरू, पिवळी माती, अंबर (तपकिरी माती) अशी चुन्यात टिकणारी द्रव्यंच चालतात. तुमचा गडद निळा चुन्यात मिळणार नाही, सिलिकेटमध्ये मिळू शकेल. चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, डोळे पूर्ण झाकणारा सुरक्षा चष्मा लावूनच काम करा.

प्रश्न : छताला नवा रंग दिला की रोलरबरोबर जुना थर गुंडाळून येतो. — वॉल्थमस्टो

उत्तर : खाली जुना डिस्टेंपर आहे. ओलं बोट घासून पाहा, पांढरी पावडर आली तर नक्की. भारतात दुकानातून आणायचो तो डिस्टेंपर ॲक्रिलिक किंवा तेल घातलेला असे. इथला जुना म्हणजे खडू आणि सरस, पाण्याने विरघळणारा. म्हणून पाण्याचं इमल्शन त्याला सोडवून घेतं. कोमट पाणी आणि स्पंजने, पाणी सारखं बदलत, पूर्ण धुऊन काढा. कॉर्निसच्या नक्षीवर हेच काम मऊ ब्रशने केलं तर थरांखाली बुजलेली पानंफुलं मोकळी होतात, आणि ते बघणं फार सुखाचं असतं. जिथून निघतच नाही तिथे आत मुरणारं स्टॅबिलायझिंग प्रायमर.

छताला खडबडीत नक्षीचा लेप असेल तर मात्र घासू किंवा खरवडू नका. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अशा लेपांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. आधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.

प्रश्न : दारं आणि चौकटी पांढऱ्या केल्या होत्या, पिवळ्या पडल्या. घासून नवा रंग द्यायचा आहे. घरात लहान बाळ आहे. — रेडिंग

उत्तर : बाळ आहे म्हणून घासण्याबद्दल आधी. 1960 च्या दशकापूर्वीच्या लाकूडकामावरच्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी आहे. ब्रिटनमध्ये असा रंग सर्वसाधारण विक्रीतून गेला तो 1992 साली. कोरडं घासणं आणि ज्योतीने जाळणं पूर्ण वर्ज्य, शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला हानी करते. आधी तपासणी करा. थर पक्का असेल तर तो तसाच राहू द्या, वर रंग देणं हा सुरक्षित मार्ग आहे. चिकटण्यापुरतं घासावं लागेलच, ते ओल्या वॉटरपेपरने, एफएफपी3 (बारीक धूळ अडवणारा) मुखवटा लावून, जमिनीवर प्लास्टिक पसरून करा. निघालेला गाळ ओल्या फडक्याने टिपा. तेवढे दिवस बाळ आणि गरोदर स्त्रिया त्या खोलीपासून दूर.

पिवळेपणाचं कारण तेलाचा रंग. उजेड कमी मिळाला की तो पिवळा पडतो, म्हणून बोळातली दारं आधी पिवळी पडतात. पाण्याचा एगशेल किंवा सॅटिनवुड (लाकडासाठीचा मध्यम चमकीचा रंग) पिवळा पडत नाही, पण जुन्या तेलाच्या रंगावर मध्ये पकड देणारं प्रायमर हवंच. नाहीतर नखाने सोलला जातो.

प्रश्न : इथल्या टॉटरडाउन भागातल्या टेकडीवरची रंगीबेरंगी घरं पाहून आमच्या लाल विटांच्या दर्शनी भिंतीलाही रंग द्यावासा वाटतो. परवानगी लागते का? — ब्रिस्टल

उत्तर : इंग्लंडमध्ये साध्या घराला बाहेरून रंग द्यायला सहसा अर्ज लागत नाही. घर सूचीबद्ध वारसा इमारत असेल तर संमती लागते, आणि परिसराला कौन्सिलने ‘आर्टिकल 4’ आदेश लावून ही मुभा काढून घेतली असेल तर परवानगी लागते. कौन्सिलच्या नियोजन विभागाला विचारूनच घ्या.

परवानगी लागत नसली तरी आमचा सल्ला, विटांना रंग देऊ नका. टेकडीवरच्या पुष्कळ घरांच्या दर्शनी भिंतींना गिलावा आहे, तो रंगासाठीच असतो. वीट तशी नाही. पापुद्र्यामागे पाणी अडकलं आणि थंडीत गोठलं की विटेचा पृष्ठभागच सुटून पडतो. शिवाय एकदा दिलेला रंग विटेला इजा न करता काढणं म्हणजे खास उपकरणं आणि मोठा खर्च. भिंत आधीच कुणी रंगवून ठेवली असेल तर पुढचा हात बाष्प जाऊ देणाऱ्या मेसनरी पेंटचा (बाहेरच्या भिंतींच्या रंगाचा) द्या. तुमच्याकडे वीट कोरी आहे, तर रंगाची हौस दारावर करा : लाल विटेशेजारी गडद हिरवा किंवा जांभळटाकडे झुकणारा काळा उठून दिसतो. दार दक्षिणाभिमुख असेल तर गडद रंग उन्हात फार तापतो आणि लाकडी फळ्यांचे सांधे उघडतात, तिथे एक-दोन छटा फिकट घ्या.