आजीच्या चपला

चिमणे,

शुक्रवारी तुझ्या शाळेतल्या आजीआजोबांच्या कार्यक्रमाहून परत येताना तू गाडीत विचारलंस, ‘‘आजीने वर्गाबाहेर चपला का काढल्या? तिला शाळा म्हणजे देऊळ वाटतं का?’’ आजी तुझ्या शेजारीच बसली होती. तू इंग्रजीत विचारलंस, म्हणजे तिला कळणार नाही असा तुझा हिशेब असावा. पण चाळीस वर्षं लालबागमध्ये राहिलेल्या बाईला ‘टेंपल’ आणि ‘शूज’ कळतात गं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. आणि मग तू म्हणालीस, ‘‘पुढच्या वर्षी पुण्याच्या आजीला बोलवायचं का?’’

मी ‘घरी गेल्यावर सांगते’ म्हटलं. घरी गेल्यावर काहीच सांगितलं नाही, तुला आठवत असेल. स्वयंपाकाला लागले. म्हणून आता हे लिहून ठेवते. सगळं आज वाचता आलं नाही तरी चालेल.

आधी वाटलं, तुला छानसं उत्तर द्यावं. उत्तर माझ्याकडे तयारच होतं. आजीची शाळा खरोखरच देवळात होती. कोकणात त्यांच्या गावी शाळेला इमारत नव्हती, वेतोबाच्या देवळाच्या सभामंडपात वर्ग भरायचे, एकच गुरुजी चारही इयत्ता घ्यायचे. देवळात शाळा, म्हणून चपला बाहेर. किती सरळ! हे मी बाबांनाही ऐकवलं. ते म्हणाले, ‘‘तेव्हा आईंकडे चपला होत्या का?’’ नव्हत्या. गावात सगळी पोरं अनवाणीच जायची. आजीच्या पायात पहिली चप्पल आली ती लग्न होऊन मुंबईला आल्यावर. तिसरीतून तिला काढलं, धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून. तेव्हा माझं ते उत्तर तिथंच बारगळलं.

मग मला माझीच शाळा आठवली. खरं सांगायचं तर शुक्रवारपासून तीच आठवतेय.

मी पालिकेच्या शाळेत होते. मागच्या वर्षी आपण लालबागला गेलो तेव्हा लांबून दाखवली होती, तुला उकडत होतं आणि तू फिनिक्स मॉलमध्ये आइस्क्रीम खायला जाऊ म्हणून मागे लागली होतीस. ते फिनिक्सही आधी गिरणीच होती. अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, दुसऱ्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि अण्णांसारखे कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. घरात आई काजबटणांचं काम करायची. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे यायचे आणि आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत झोपायलाही त्या शर्टांना बाजूला सारावं लागायचं. दर शर्टामागे काही पैसे मिळत. किती ते आठवत नाही. बटणं मोजायचं काम माझं होतं, ते आठवतं.

तिसरीचा निकाल एप्रिलअखेर लागला, १९८५ साली. पालकांना बोलावलं होतं. अण्णा येणार नव्हते, ते त्या दिवसांत कुठेच जात नसत. आई आली. आणि वर्गाच्या दारात तिने चपला काढल्या. निळ्या पट्ट्यांच्या रबरी स्लिपर, एकीचा अंगठा तुटलेला आणि खालून सेफ्टी पिन लावलेली. बाई म्हणाल्या, ‘‘अहो, राहू द्या, या आत.’’ आई तरी अनवाणीच आत गेली. बाकीच्या आया चपला घालून बाकांवर बसल्या होत्या. एकट्या त्या स्लिपर दाराशी, पिनेसकट. माझ्या मैत्रिणी बाहेर उभ्या होत्या.

मी त्या पायाने सरकवल्या. आधी जरा बाजूला, मग व्हरांड्यातल्या पाण्याच्या पिंपामागे.

आई प्रगतिपुस्तक घेऊन बाहेर आली, मी वर्गात दुसरी आले होते. तिने इकडेतिकडे बघितलं. मैत्रिणी अजून तिथेच होत्या आणि मी काही बोलले नाही. ‘‘गेल्या वाटतं. जाऊ देत, जुन्याच होत्या,’’ म्हणाली आणि माझा हात धरून निघाली. लालबागचा तो मोसम म्हणजे वर्षाच्या मसाल्याचा. कांडपावर बायकांची रांग, हवेत मिरचीचा ठसका, सगळा रस्ता शिंकतोय. डांबर पाघळलेलं. ती फुटपाथची सावली बघत बघत चालत होती, मधेच जरा टाचांवर. मी माझ्या बुटांकडे बघत होते.

सुट्टी लागली आणि शाळा बंद झाली. जूनमध्ये पहिल्या दिवशी धावत जाऊन पिंपामागे बघितलं. काही नव्हतं.

आई ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं सांगायची. बेबीआत्याला, वाडीतल्या बायकांना, तुझ्या बाबांना पहिल्या भेटीत. ‘‘हिच्या शाळेतून माझ्या चपला चोरीला गेल्या, देवळातून जाव्यात तशा!’’ आणि हसायची. तुझ्या प्रश्नाने मला का टोचलं, आता कळलं असेल.

तर मूळ प्रश्न. शनिवारी तू झोपल्यावर मी तिलाच विचारलं, ‘‘आई, वर्गात चपला का गं काढल्यास?’’ ती म्हणाली, ‘‘अगं, कार्पेट होतं ना खाली. पोरं तिथंच बसलेली. आणि बाहेर पाऊस पडून गेलेला, चपला ओल्या.’’ एवढंच! मी उगाच वेतोबापर्यंत जाऊन आले. पण पालिकेच्या शाळेत कार्पेट नव्हतं, शहाबादी फरशी होती. ते मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर गोष्ट त्या स्लिपरपर्यंत आली असती.

तू चपला काढाव्यास असं मी म्हणत नाही, नीट वाच. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत आम्ही सगळे बूट घालूनच बसतो आणि सरस्वतीची प्रार्थनाही बूट घालूनच म्हणतो. मला स्वतःलाच कुठे काय खरं वाटतं ते धड माहीत नाही. पुस्तकाला पाय लागला की अजून माझा हात कपाळाकडे जातो, ऑफिसात तो मी केस सावरल्यासारखा फिरवते.

पण त्या दिवशीचं दुसरंही काही तुला आठवतंय ना? आजीआजोबांना विचारायच्या प्रश्नांचा तो कागद होता. ‘शाळेत तुम्हाला काय आवडायचं?’ याला आजी म्हणाली, पाढे. मग पावकी, निमकी म्हणून दाखवली. तिच्या वेळी नवे पैसे आले होते, १९५७ पासून, पण गुरुजी सोळा आण्यांच्या काळातलेच पाढे घोकून घ्यायचे. तू शेजारी उभी राहून सांगत होतीस, हा पावाचा, हा अर्ध्याचा. दिडकीला सगळी पोरं टाळ्यांवर म्हणायला लागली: दीड, तीन, साडेचार, सहा. अडीचकीला तू अडलीस, कारण ‘अडीच’ला इंग्रजीत एक शब्दच नाही. मला तेव्हा इतकं बरं वाटलं की मी फोनवर व्हिडिओ काढायचंही विसरले.

पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं ते तू ठरव. पुण्याच्या आजी इंग्रजी बोलतात, स्नीकर्स घालतात, त्यांनाही आवडेल. मी रागावणार नाही. जरा वेळ गप्प राहीन, तेवढं चालवून घे.

काल तुझ्या बाईंशी बोलणं झालं. त्या म्हणाल्या, निघताना आजी दाराबाहेर चपला शोधत होती आणि त्या तुझ्या कप्प्यात निघाल्या, जॅकेटच्या खाली. तूच धावत जाऊन आणून दिल्यास म्हणे. तू त्या लपवल्या होत्यास की सांभाळून ठेवल्या होत्यास, हे मी विचारणार नाही. आणून दिल्यास.

त्या निळ्या स्लिपरचं आजीला अजून माहीत नाही. तू बोलू नकोस. ती परत जायच्या आधी मीच सांगेन म्हणते.

तुझी,
आई