शाळेत चालणारा रोबो स्पर्धेत का भरकटतो?

प्रश्न : ताई, माझी मुलगी आठवीत आहे. शाळेच्या संघातून ती फर्स्ट लेगो लीग या शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धेला गेली होती. शाळेत काळ्या रेघेवरून सुतासारखा जाणारा रोबो तिथे रेघ सोडून भलतीकडेच वळला. तेव्हापासून तिने रोबो बनवायच्या किटला हात लावलेला नाही. तिचे बाबा म्हणतात, आता अभ्यास, हे खेळ पुरेत. पुढच्या वर्षी पाठवू का?
— एक आई, कराड

उत्तर : पाठवा. पण त्याआधी रोबो का भरकटला हे तिचं तिला शोधू द्या. ते कळलं नाही, तर ‘मला जमत नाही’ एवढंच तिच्या मनात राहील, आणि ते खरं नाही.

रेघ ओळखणारा सेन्सर स्वतःचा उजेड खाली टाकतो आणि किती परत आला ते मोजतो. पांढऱ्यावरून जास्त येतो, काळ्यावरून कमी. काळं-पांढरं ओळखायला शाळेतल्या उजेडात ठरवलेला आकडा सभागृहातल्या दिव्यांखाली चुकू शकतो.

माझ्याकडच्या एका संघाचा रोबो सकाळी चालायचा आणि चारनंतर हटकून फसायचा. प्रोग्राम तोच, रेघ असलेली चटई तीच. सातवीतल्या एका मुलीने तिरीमिरीत छत्री आणली, चटईवर धरली, आणि रोबो रेघेवर आला! पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन सेन्सरला फसवत होतं. मग तिने सेन्सर चटईपासून दीड सेंटिमीटरवर आणला आणि प्रत्येक फेरीआधी पांढरा-काळा मोजून त्यांच्या मधला आकडा घ्यायचा, असा प्रोग्राम बदलला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी शेजारीच उभी होते आणि गप्प राहणं मला फार जड गेलं होतं.

दुसरी शक्यता बॅटरीची. ‘दोन सेकंद पुढे जा’ असं लिहिलं असेल, तर बॅटरी उतरल्यावर रोबो तेवढ्या वेळात कमी अंतर जाऊ शकतो. ‘चाक 720 अंश फिरव’ असं लिहिलं, तर मोटर वेळ न बघता स्वतः फेऱ्या मोजते. टायरवर धूळ बसली की चाक घसरतं, तेही बघा.

तिच्या बाबांना सांगा, रोबो चटईवर चालवायची अडीच मिनिटांची फेरी म्हणजे स्पर्धेचा केवळ एक भाग. रोबोची रचना, एखाद्या खऱ्या प्रश्नावरचा प्रकल्प आणि संघ म्हणून मुलं कशी वागली, यांनाही तेवढंच वजन असतं. परीक्षक मुलांनाच विचारतात, हे असं का केलंत? मोठ्यांनी प्रोग्राम लिहून दिलेले संघ तिथे उघडे पडतात. मला त्या मुलांचं वाईट वाटतं, कारण चुकायची संधीच त्यांच्याकडून काढून घेतलेली असते.

किट महाग असतं, हे मान्य. शाळेत किंवा जवळपास अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे सरकारी योजनेतून शाळेत उभी राहिलेली प्रयोगशाळा, असेल तर चौकशी करा. सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच ती योजना आहे.

2008 साली पुण्याच्या बालेवाडीत आशिया-पॅसिफिक देशांच्या कॉलेजांची रोबोकॉन ही रोबो स्पर्धा झाली. विषय होता गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी! उंचावरचं लोणी काढायला यंत्रं धडपडत होती. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. तुमची मुलगी त्याच वाटेवर आहे.

येत्या रविवारी किट टेबलावर काढून ठेवा. फक्त विचारा, ‘खिडकीपाशी पांढऱ्या कागदाचा आकडा किती येतो गं? आणि रात्री ट्यूबलाइटखाली?’ सेन्सर कागदापासून तेवढाच वर धरायचा, आणि दोन्ही आकडे तिनेच वहीत लिहायचे. तिची हरकत नसेल तर मलाही कळवा.