वाचकांचे प्रश्न : निर्वासिताचे प्रायोजक होण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही पतीपत्नी कॅलगरीत राहतो आणि आता कॅनडाचे नागरिक आहोत. माझ्या यजमानांचे एक सहकारी अफगाणिस्तानातील हजारा समाजाचे आहेत. त्यांचा धाकटा भाऊ २०१४ च्या अखेरीपासून इंडोनेशियात, बोगोरजवळच्या चिसारुआ येथे अडकून पडला आहे. यूएनएचसीआरने (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने) त्याला निर्वासित म्हणून मान्यता दिली आहे, तरीही कोणताच देश त्याला घेत नाही. पाच नागरिकांनी मिळून प्रायोजकत्व घेतले तर त्याला कॅनडात आणता येते, असे सांगून त्यांनी आम्हा दोघांना त्या पाचांत येण्याची विनंती केली आहे. आम्ही नेमकी कोणती जबाबदारी घेत असू? आणि इतकी वर्षे त्याचा प्रश्न का सुटला नाही?
— एक वाचक भगिनी, कॅलगरी

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते समजले की पहिल्याचे गांभीर्य आपोआप लक्षात येईल.

हजारा हे मध्य अफगाणिस्तानातील बामियान आणि आसपासच्या डोंगराळ मुलखातले, बहुतांशी शिया पंथाचे लोक. अमीर अब्दुर रहमान खानाने १८९० च्या दशकात त्यांच्यावर चालवलेल्या मोहिमांत असंख्य माणसे मारली गेली, अनेकांना गुलाम करण्यात आले आणि जमिनी हिसकावल्या गेल्या. ऑगस्ट १९९८ मध्ये तालिबानने मझार-ए-शरीफ जिंकल्यावर तेथे हजारा लोकांची कत्तल केली. जे पाकिस्तानात क्वेट्टा येथे गेले, त्यांच्या वस्त्यांवर २०१३ च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत भीषण बॉम्बस्फोट झाले. ३० सप्टेंबर २०२२ रोजी काबूलच्या दश्त-ए-बरची या हजारा वस्तीच्या भागातील एका शिकवणी वर्गात सराव परीक्षा चालू असताना आत्मघाती हल्ला झाला आणि त्यात पन्नासहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्यांतल्या बहुतेक मुली होत्या. त्यामुळे ‘परत का जात नाही’ हा प्रश्न त्या तरुणाला विचारण्यात अर्थ नाही.

इंडोनेशियाने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. तेथे निर्वासितांना राहू दिले जाते, पण नोकरी करण्याची परवानगी मिळत नाही आणि कायमचे स्थायिकही होता येत नाही. पूर्वी हा देश ऑस्ट्रेलियाच्या वाटेवरचा मुक्काम होता. ती वाट बंद झाली. १ जुलै २०१४ रोजी किंवा त्यानंतर इंडोनेशियातील यूएनएचसीआरकडे नोंद झालेल्यांना आपण पुनर्वसनासाठी घेणार नाही, असे ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर केले. आपल्या स्नेह्यांचा भाऊ २०१४ च्या अखेरीस तेथे पोहोचला, म्हणजे तो नेमका या निर्णयाच्या कचाट्यात सापडला. यात त्याचा काहीही दोष नाही. जगभरातील निर्वासितांपैकी दरवर्षी एक टक्क्याहूनही कमी लोकांचे तिसऱ्या देशात पुनर्वसन होते, त्यामुळे मान्यतेचे कार्ड हाती असणे आणि कुठल्या देशात जागा मिळणे यांत फार मोठे अंतर आहे. चिसारुआत मुलांच्या शिक्षणाची सोय नव्हती म्हणून हजारा निर्वासितांनी २०१४ मध्ये स्वतःच शाळा काढली, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. ज्यांना कमावण्याची मनाई आहे, त्यांनी तेथे शिकवण्याचे काम उभे केले.

आता प्रायोजकत्वाविषयी. कॅनडातील किमान पाच प्रौढ नागरिक किंवा कायम रहिवासी एकत्र येऊन एखाद्या निर्वासिताचे नाव देऊ शकतात. त्यासाठी यूएनएचसीआरची किंवा तो ज्या देशात आहे त्या देशाची मान्यता लागते आणि ती या भावाकडे आहे, ही चांगली बाब होय. तो आल्यानंतर साधारण बारा महिने, किंवा त्याआधी तो स्वावलंबी होईपर्यंत, घरभाडे, अन्न आणि कपडे यांचा खर्च तर गटाने करायचा असतोच, शिवाय बँकेत खाते उघडणे, डॉक्टर शोधणे, इंग्रजीच्या वर्गात नाव घालणे, पहिल्या हिवाळ्यात सोबत करणे हीही कामे त्यातच येतात. पाचपैकी एखाद्याने मध्येच अंग काढून घेतले तरी इतरांची जबाबदारी संपत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी पाचही जणांनी समोरासमोर बसून पैसे कोण किती घालणार हे कागदावर लिहून काढावे.

मात्र कॅनडा सरकारने २९ नोव्हेंबर २०२४ पासून अशा पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणे थांबवले. ते पुन्हा सुरू झाल्याचे तेथील इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः पाहिल्याखेरीज कागद भरू नका. दुसरा मार्ग सरकारशी करार केलेल्या धार्मिक आणि सामाजिक संस्थांचा आहे. त्यांनाही ठरावीक संख्येनेच अर्ज करता येतात आणि मागणी प्रचंड असते. तरीही आपल्या भागातील अशा संस्थांना आत्ताच भेटावे, असे माझे मत आहे.

दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. प्रायोजकत्वाच्या बदल्यात निर्वासिताकडून पैसे घेणे नियमबाह्य आहे, आणि यूएनएचसीआरची सेवा विनामूल्य असते. त्यामुळे मध्यस्थ म्हणून कोणी पैसे मागत असल्यास त्या भावाला लगेच सावध करा. दुसरे म्हणजे, त्याला कोणतीही तारीख सांगू नका. अर्ज गेल्यावरही मुलाखत, वैद्यकीय आणि सुरक्षा तपासणी यांत वर्षे जाऊ शकतात. इतक्या वर्षांनंतर हुकलेली एक तारीखही त्याला किती जड जाईल, याचा विचार करा. जबाबदारी पेलणार असेल तर होकार जरूर द्या.

प्रश्न : पुण्यात शिकायला आलेला एक हजारा विद्यार्थी आमच्याकडे भाड्याने राहतो. २०२१ मध्ये अफगाणिस्तानात पुन्हा तालिबानची सत्ता आल्यापासून तो परत जाऊ शकलेला नाही. आम्ही त्याचे प्रायोजक होऊ शकतो का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही, कॅनडाच्या योजनेत प्रायोजक तेथेच राहणारा असावा लागतो. भारतानेही १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि येथे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. अफगाण नागरिक दिल्लीतील यूएनएचसीआर कार्यालयात नोंदणीसाठी अर्ज करू शकतात. मात्र त्या नोंदणीमुळे व्हिसा मिळत नाही, आणि व्हिसा संपून गेला तर पुढे एखाद्या देशाने बोलावले तरी भारतातून बाहेर पडण्याच्या परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. तेव्हा मुदत संपण्यापूर्वीच परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात मुदतवाढीचा अर्ज करायला त्याला सांगा, शक्य असल्यास सोबत जा. घरमालक म्हणून रीतसर भाडेकरार करून देणे आणि त्याची पोलिसांकडे नोंद करणे हे तर आपल्याच हातात आहे, कारण राहण्याचा पुरावा त्याला प्रत्येक अर्जासोबत जोडावा लागेल.