महापालिकेचा विमानतळ असता, तर धावपट्टीचा खर्च कुठून भागवायचा?

मूळ प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीचा विमानतळ महापालिकेकडे असता, तर धावपट्टीच्या दुरुस्तीचे पैसे शहराने कसे उभे केले असते? अमेरिकेत तर छोटी छोटी शहरं स्वतःचे विमानतळ चालवतात, मग त्यांना ते कसं परवडतं?

आधी मालकीचं बघू. आपली धावपट्टी १९३९ ची, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली. पुढे ती राज्य सरकारकडे, मग एमआयडीसीकडे आणि शेवटी भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. महापालिकेकडे ती कधीच नव्हती. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांची १८ कामं दिली आहेत, त्यांत विमानतळ नाही. शहर उभारणाऱ्या संस्थेचा विमानतळात वाटा असल्याचं आपल्याकडचं जवळचं उदाहरण म्हणजे नवी मुंबई. तिथे सिडकोचा हिस्सा २६ टक्के आहे.

अमेरिकेतली शहरंही एकट्याच्या जिवावर धावपट्टी करत नाहीत. तिथे विमान तिकिटांवरच्या आणि इंधनावरच्या करातून केंद्राचा वेगळा निधी भरतो आणि त्यातून अनुदान मिळतं. छोट्या विमानतळांना साधारण ९० टक्के, मोठ्यांना ७५ टक्के. उरलेला वाटा शहर आणि राज्य मिळून घालतात. अगदी लहान विमानतळाला वर्षाला दीड लाख डॉलरपर्यंतचा हक्काचा वाटा असतो आणि तो चार वर्षं साठवता येतो. चार वर्षांचे सहा लाख झाले, तरी पूर्ण धावपट्टीला ते पुरत नाहीत. वरच्या रकमेसाठी इतर शहरांशी स्पर्धा करावी लागते. शिवाय अनुदान घेतलं की अटी आल्या: विमानतळाचं उत्पन्न शहराच्या इतर खर्चाला वळवायचं नाही, आणि फरसबंदीच्या, म्हणजे धावपट्टीच्या पक्क्या पृष्ठभागाच्या, देखभालीचा कार्यक्रम लेखी चालवायचा. माझ्या मते आपण उचलण्यासारखं काही असेल तर या दोन अटीच आहेत. अनुदानाचा आकडा नंतरचा.

आता उत्पन्न. बहुतेकांना वाटतं, विमान उतरलं की पैसे मिळाले. पण देशांतर्गत नियमित सेवेतल्या ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना उतरण्याचं शुल्क माफ आहे. कोल्हापूरला प्रामुख्याने येणारी एटीआर ७२ आणि एम्ब्रेअरची विमानं त्याच गटातली. म्हणजे धावपट्टी ज्यांच्या चाकांनी झिजते, त्यांच्याकडून धावपट्टीसाठी जवळपास काहीच येत नाही. उरतं ते प्रवाशाच्या तिकिटातलं वापरकर्ता विकास शुल्क, दुकानं, पार्किंग आणि जागेचं भाडं. हिशेबासाठी धरा: वर्षाला १ लाख प्रवासी इथून निघाले आणि प्रत्येकी १०० रुपये मिळाले, तर १ कोटी. त्यातूनच अग्निशमन, वीज, पगार. हा आकडा डोक्यात ठेवा आणि मग कामाचं माप बघा.

लांबी १९३० मीटर आहे. रुंदी ३० मीटर धरू, एटीआरला तेवढी चालते. क्षेत्रफळ ५७,९०० चौरस मीटर. वर ५० मिलिमीटरचा डांबरी काँक्रीटचा थर म्हणजे २,८९५ घनमीटर, २.४ च्या घनतेने सुमारे ६,९५० टन. साडेपाच टक्के धरलं तर त्यात ३८० टन बिटुमेन, म्हणजे डांबर. खाली टॅक कोट, म्हणजे नवा थर जुन्याला चिकटवणारा डांबराचा फवारा, चौरस मीटरला पाव किलो, म्हणजे आणखी साडेचौदा टन. बिटुमेनचे दर महिन्यातून दोनदा, १ आणि १६ तारखेला बदलतात. त्यामुळे निविदेत दरफरकाचं कलम नसेल तर ठेकेदार ती जोखीम आधीच दरात घालतो आणि ती तुम्ही भरता.

बांधकाम खात्याच्या दरसूचीतला रस्त्याचा दर इथे तसाच लावू नका. काम रात्रीचं आहे. शेवटचं विमान गेल्यावर यंत्रं आत घ्यायची आणि पहिलं यायच्या आत सगळं बाहेर काढून धावपट्टी झाडून द्यायची. हातात खऱ्या कामाचे पाच तास राहतात. तासाला ८० टन पडले तर रात्रीचे ४०० टन. पूर्ण रुंदीत मीटरला ३.६ टन लागतात, म्हणजे एका रात्री जेमतेम ११० मीटर. कागदावर १८ रात्री होतात, पण डांबराचा प्लांट बंद पडणं आणि अवकाळी पाऊस धरून २५ ते ३० मांडा.

रोज रात्री पूर्ण रुंदी संपवायची असते, कारण अर्धी उंच आणि अर्धी खाली अशी धावपट्टी सकाळी विमानाला देता येत नाही. जिथे थर संपतो तिथे तात्पुरता उतार करावा लागतो. थर ५ सेंटिमीटरपर्यंत असेल तर तो उतार अर्धा ते एक टक्का, त्याहून जाड असेल तर जास्तीत जास्त अर्धा टक्का. म्हणजे ५० मिलिमीटरसाठी ५ ते १० मीटर लांबीची पट्टी रोज बनवायची आणि दुसऱ्या रात्री खरवडून काढायची. काम एका टोकाकडून दुसऱ्याकडे अशा दिशेने न्यायचं, की बहुतेक विमानांना हा उतार खाली जाणारा लागेल, वर चढणारा नाही. आणि धावपट्टी उघडण्याआधी मध्यरेषा रंगवलेली हवी. अंदाजपत्रकात या पट्टीची एकही ओळ नसली, की ठेकेदार ती हातभर लांबीची करतो आणि पहाटेच्या पहिल्या विमानाला धक्का बसतो.

हमखास राहून जाणारा दुसरा खर्च म्हणजे कडा. नवीन थराने धावपट्टी ५ सेंटिमीटर वर आली की शेजारची मातीही तेवढी उचलावी लागते. तीन मीटरमध्ये उतरती भर टाकली तरी दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे २९० घनमीटर मुरूम लागतो. धावपट्टीच्या पृष्ठभागात बसवलेले दिवे असतील तर तेही उचलायचे. याच्या उलट, वर्षानुवर्षं गवत आणि गाळ साचून कड धावपट्टीपेक्षा वर गेली असेल, तर पाणी बाहेर जायचं बंद होतं. दीड टक्क्याचा आडवा उतार असूनही पावसाळ्यात कडेला तळं दिसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. डांबराला दोष देण्याआधी कडेला लेव्हल लावून बघा.

आता पैशाची खरी गोम. अनुदान किंवा राज्याची मदत मुख्यतः नव्या थराला मिळते, भेगा भरायला सहसा नाही. भेगांचा खर्च मालकाने स्वतःच्या खिशातून करायचा असतो, आणि तो इतका छोटा असतो की अंदाजपत्रकात पहिली कात्री त्यालाच लागते. १२ बाय १२ मिलिमीटरची खाच पाडून १,००० मीटर भेग भरायला रबरयुक्त सीलंट (भेग बुजवणारं मिश्रण) लागतो १६० ते १७० किलो. तेवढ्याने पाणी खाली जायचं थांबतं. भरताना सीलंट पृष्ठभागाच्या तीन-चार मिलिमीटर खालीच ठेवा, वर फुगला तर टायर तो ओढून काढतो. हे टाळलं की जोडाच्या भेगेतून पाणी शिरतं, खडी सुटते आणि सुटलेला खडा पंख्याच्या पात्यावर जातो. फरसबंदीचा ठोकताळा असा की आयुष्याच्या पहिल्या ७५ टक्के काळात दर्जा ४० टक्के घसरतो, आणि पुढच्या फक्त १२ टक्के काळात आणखी ४० टक्के. भेगा भरायच्या त्या आधीच्या काळात. नंतर ते पैसे वाया.

म्हणून महापालिकेने करायचं असतं ते असं: केएमटीचं, म्हणजे महापालिकेच्या शहर बससेवेचं, अंदाजपत्रक जसं वेगळं असतं, तसा धावपट्टीचा निधी वेगळा बांधायचा. थर बारा वर्षं टिकेल असं धरून नव्या थराचा आजचा खर्च १२ ने भागून दरवर्षी तेवढी रक्कम जमा करायची आणि ती दरवर्षी महागाईइतकी वाढवायची. ठेवीचं व्याज आणि महागाई जवळपास सारखी राहिली तर बाराव्या वर्षी पैसा पुरतो. भेगांची रक्कम या निधीतून पहिली काढायची, शिल्लक बघून नव्हे.

कर्जरोख्यांचा पर्याय कोणीतरी सुचवतंच. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, पण पाण्याला पट्टी आहे. धावपट्टीचं उत्पन्न वर दिलं आहे. त्यावर रोखे काढले तर शेवटी घरपट्टी तारण जाईल, आणि तसं करू नये असं मी स्पष्ट सांगतो. राज्यांना केंद्राकडून मिळणारं ५० वर्षांचं बिनव्याजी भांडवली कर्ज राज्यामार्फत मागणं त्यापेक्षा कितीतरी बरं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, म्हणजे अशा वेळी विमानतळाची गरज लागते, हा मुद्दा प्रस्तावात जरूर घाला.

वेळापत्रक उलटं मोजा. डांबराचं काम मेच्या मध्याआधी संपायला हवं. पाणी निघून जावं म्हणून पृष्ठभागावर आडव्या खाचा पाडायच्या असतील तर नव्या थराला त्याआधी साधारण ३० दिवस मुरू द्यावं लागतं, म्हणजे थर मार्चअखेर पूर्ण हवा. त्यासाठी यंत्रं फेब्रुवारीत आत, कार्यादेश डिसेंबरमध्ये, निविदा सप्टेंबरमध्ये. आणि भेगांची पाहणी त्याआधीच्या जुलैमध्ये, भर पावसात. पाऊस थांबून पृष्ठभाग वाळायला लागला की भेगा ओल्या राहतात आणि काळ्या रेषांसारख्या दिसतात, तेव्हाच खडूने खुणा करून लांबी मोजून घ्या.