कॅमेऱ्याचा पत्ता कोणालाही दिलेला नसताना तो अनोळखी माणसाला कसा सापडतो?

घरातल्या कॅमेऱ्याचा पत्ता आपण कोणालाच सांगितलेला नाही, मग शोधयंत्रातून तो सापडेलच कसा, असे तुम्ही विचारले आहे. मी नेटवर्क सुरक्षेचे काम करतो आणि हा समज मला फार घातक वाटतो, कारण पत्ता कोणी सांगण्याची गरजच नसते. इंटरनेटवरील उपकरणांना आकड्यांचे पत्ते (आयपी पत्ते) देण्याच्या आयपीव्ही४ या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४.३ अब्ज आहेत. एवढे सगळे पत्ते तपासायला फारसा वेळही लागत नाही. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी तयार केलेल्या झेडमॅप या प्रणालीने एकाच संगणकावरून पाऊण तासाच्या आत ही फेरी पूर्ण करता येते, हे दाखवून दिले.

जॉन मॅथर्ली यांनी २००९ मध्ये सुरू केलेले शोडन हे शोधयंत्र याच तत्त्वावर चालते. ते प्रत्येक पत्त्याच्या निरनिराळ्या पोर्टवर, म्हणजे उपकरणाच्या क्रमांक दिलेल्या दारांवर, विचारणा करते आणि समोरचे उपकरण जे उत्तर देईल ते नोंदवून ठेवते. त्या उत्तरात पुष्कळदा कॅमेऱ्याच्या कंपनीचे नाव असते, त्यामुळे एका बनावटीचे कॅमेरे एकत्र शोधणे सोपे जाते. शोडन कुलूप तोडत नाही. उघडे काय आहे, एवढेच ते दाखवते.

हे उघडेपण बहुधा राउटरमध्ये निर्माण होते. एरवी राउटर बाहेरून आपणहून येणारी विचारणा आत जाऊ देत नाही, परंतु मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून कॅमेरा बसवणारा पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे बाहेरची विचारणा थेट कॅमेऱ्याकडे पाठवण्याची सोय राउटरमध्ये करून जातो, किंवा यूपीएनपी (उपकरणांना राउटरमध्ये आपोआप वाट मागू देणारी सोय) सुरू असल्यास कॅमेरा स्वतःच राउटरकडून वाट उघडून घेतो आणि घरच्यांना त्याची कल्पनाही नसते. त्यातच कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिला, तर अडवणारे काहीच उरत नाही. २०१४ मध्ये एका संकेतस्थळावर अशाच हजारो कॅमेऱ्यांची थेट चित्रे मांडली गेली होती, तेव्हा ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाला जाहीर इशारा द्यावा लागला.

तरीही सगळा दोष वापरणाऱ्यांवर ढकलणे मला अन्यायाचे वाटते. अमेरिकेतील ट्रेंडनेट कंपनीच्या कॅमेऱ्यांत असा दोष होता की, ग्राहकाने पासवर्ड ठेवला असला तरी तो न विचारताच चित्र मिळत असे. जानेवारी २०१२ मध्ये जवळजवळ ७०० कॅमेऱ्यांचे दुवे उघड झाले. त्यांत पाळण्यात झोपलेली बाळेही दिसत होती. तेथील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये त्या कंपनीवर कारवाई केली. त्या आईवडिलांच्या हातून कोणतीही चूक झालेली नव्हती.

तुम्ही आजच राउटरमधील यूपीएनपी बंद करा, पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत कॅमेऱ्याची नोंद असल्यास ती काढून टाका, पासवर्ड बदला आणि फर्मवेअर (उपकरणातच असलेली, ते चालवणारी आज्ञावली) अद्ययावत करा. त्यानंतर आपला सार्वजनिक आयपी पत्ता शोडनवर तपासा, मात्र तिथल्या नोंदी काही दिवसांपूर्वीच्या असू शकतात हे ध्यानात ठेवा. बाहेरून चित्र पाहणे आवश्यकच असेल, तर राउटरवर व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याचा कूटबद्ध, सुरक्षित मार्ग) लावून त्यातूनच पाहा. ज्या जुन्या कॅमेऱ्यासाठी कंपनी आता फर्मवेअर देत नाही, तो इंटरनेटपासून पूर्णपणे तोडून त्याचे चित्रीकरण घरातल्या एनव्हीआरवरच (नेटवर्क कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्रावर) साठवा.