मधपाळाचा रिकामा वेळ

प्रश्न : आप्पांनी निवृत्तीनंतर ओझरजवळच्या मळ्यात मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या आहेत. थंड देशांतले मधपाळ हिवाळाभर मेणबत्त्या करतात, सुतारकाम करतात, असं वाचल्यापासून त्यांनी डिसेंबर-जानेवारीसाठी छंदांची यादीच केली आहे. यातलं आपल्याकडे काय जमेल?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, आप्पांना नमस्कार सांगा आणि यादी जूनपर्यंत खुंटीला टांगायला सांगा. तिकडे बर्फात माश्या राणीभोवती घोळका करतात, उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब धरतात. पेटी उघडली की ती ऊब जाते, म्हणून मालकाला हात बांधून बसावं लागतं. आपल्याकडे निफाडचा पारा पहाटे कितीही घसरो, दुपारी ऊन पडतं आणि माश्या कामाला निघतात. पुढे कांद्याचे डोंगळे फुलले की माश्यांनी परागीभवन करावं म्हणून बियाणंवाले शेतकरी पेट्या मागायला दारात उभे! थंडीत कोवळं ऊन असताना पेटी उघडू नये, पोळी धरणाऱ्या लाकडी चौकटींवर गोणपाटाची घडी टाकावी, एवढंच.

आपली सुट्टी पावसाळ्यात. फुलोरा नसतो, माश्यांना साखरपाणी द्यायचं, पोळं पोखरणाऱ्या मेणपतंगावर नजर ठेवायची, की मग दिवस मोकळा. तेव्हा मेणाला हात घालावा. त्यासाठी आत्तापासून मध काढताना पोळ्यावरची पातळ मेणाची झाकणं वेगळी साठवा. जुन्या काळ्या पोळ्यांतून मेण थोडं आणि गाळच फार निघतो.

मेण साधारण ६३ अंशांना वितळतं. थेट आचेवर कधीच नको, भडकतं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात स्टीलचं भांडं. घरातलं तांब्याचं सुंदर पातेलं मोहात पाडेल, पण तांब्यात मेणाला हिरवट झाक येते आणि लोखंडात ते काळवंडतं. मेण धुवायला पागोळ्यांचं पाणी धरा. बोअरच्या जड पाण्यात मेण फेसाळ होतं, पावसाच्या पाण्यात स्वच्छ निघतं. फडक्यातून गाळून सावकाश थंड होऊ द्या आणि तळाचा गाळ खरवडून टाका.

मेणबत्तीला साच्याची गरज नाही. सुती वात बुडवायची, थंड करायची, पुन्हा बुडवायची. वात बाजारच्या मेणबत्तीपेक्षा जाड हवी, नाहीतर ज्योत गुदमरते. उरलेला गोळा आईला द्या. गोधडीचा दोरा त्यावरून ओढला की गुंता होत नाही. माझ्या मते मेणाचा हाच सगळ्यात चांगला उपयोग, मेणबत्त्या नंतर.

पेट्यांचं सुतारकाम जरूर करावं, पण चौकटी आणि पेटीच्या भिंतीत ६ ते ९ मिलिमीटर फट राखून. जास्त ठेवली तर माश्या तिथेच पोळं बांधतात, कमी ठेवली तर डिंकानं चिकटवून टाकतात. पेटीला बाहेरून जवसाचं तेल आणि मेण लावा, आत काही नको. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. मोकळी पसरून वाळवा.