भाऊ २२ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. नाशिकला घरच्या घरी त्याला वाचन आणि हिशेब आता शिकवता येईल का?

येईल, पण बालवाडीचं पुस्तक समोर ठेवू नका. बोलून दाखवला नाही तरी या वयात अपमान कळतो. त्याला ज्याची ओढ आहे तिथून शब्द घ्या. बस आवडत असेल तर सिटीलिंकच्या पाट्या: निमाणी, सीबीएस, नाशिकरोड. आधी अख्खा शब्द ओळखू दे, अक्षरं नंतर सुटी करा.

काही जण घडाघडा वाचतात आणि अर्थ पोचलेलाच नसतो. म्हणून ‘फ्रीजमधून दोन लिंबं आण’ अशी चिठ्ठी द्या. लिंबं आली, म्हणजे वाचलं! पेन धरायला जड जात असेल तर मोबाइलवर टाइप करू दे.

हिशेब खऱ्या नोटांनी. बिल ३४ रुपये झालं तर दहाच्या चार नोटा द्यायच्या, एवढंच आधी. उरलेले मोजणं पुढे. पाढ्यांचा हट्ट मी धरणार नाही, कॅल्क्युलेटर आहे की.

प्रमाणपत्र हवं असेल तर एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) मुक्त बेसिक शिक्षणात प्रौढांसाठी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष पातळ्या आहेत.